तोतयाचे काम मलाच द्या!

डिजिटल अरेस्टची गोष्ट आता कोणाला नव्याने सांगायला नको. आधी पार्सल, त्यात सापडलेले अमली पदार्थ आणि चार-पाच पासपोर्ट, मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातले साहेब, ‘घरात कोणाला सांगाल तर त्यांनाही आत घेऊ’ ही धमकी आणि शेवटी मुदतठेवी मोडून केलेला आरटीजीएस. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये खुद्द पंतप्रधानांनी हा प्रकार समजावून सांगितला. त्यानंतर ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणण्याची सोय पुण्यातल्या एकाही ज्येष्ठ नागरिक संघाला उरली नाही. व्याख्याने झाली, पत्रके वाटली गेली. आमच्यासारख्या काही हौशी मंडळींनी त्यावर एक नाटुकली बसवली आणि विरंगुळा केंद्रे, देवळांची सभागृहे, सोसायट्यांची पार्किंगे अशी जमेल तिथे केली. तिची छायाचित्रे स्थानिक पुरवण्यांत येऊन गेली आहेत. त्यात सगळे हसताना दिसतात. विंगेत काय चालले होते ते छायाचित्रकाराला दिसले नाही, कारण तो नाश्त्याच्या टेबलापाशी होता.

पहिला तंटा अर्थातच भूमिकांचा. नाटुकलीत मुख्य पात्रे दोन : फसवणारा तोतया साहेब आणि फसणारी वृद्ध व्यक्ती. सत्तरी ओलांडलेल्या एकूण एक पुरुषाला तोतयाच व्हायचे होते. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, “पस्तीस वर्षं पोरांना घाबरवलंय, मला तालमीचीसुद्धा गरज नाही.” विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले साहेब शांतपणे म्हणाले, “मी लोकांना घाबरवून त्यांच्याकडून पैसे भरून घेतलेत. तेही कायदेशीर.” यावर मुख्याध्यापकांकडे उत्तर नव्हते. तोतयाचे काम विक्रीकरवाल्यांकडे गेले आणि मुख्याध्यापक पुढे चार तालमी फिरकले नाहीत. फसणाऱ्याची भूमिका मात्र कोणालाच नको. “सुना प्रेक्षकांत असतात हो,” एक आजोबा म्हणाले, “उद्यापासून माझ्या हातात भाजीचे पैसे देणार नाहीत.” मग कोणत्याही कार्यकारिणीत जे होते तेच झाले. त्या दिवशी जी व्यक्ती बैठकीला आली नव्हती तिच्या नावापुढे टिक झाली. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. त्यांना फोन केला तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, “करते की.” इतक्या सहज होकार का आला, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले.

गणवेश भाड्याने आणायचा होता. शहरातल्या एका जुन्या ड्रेपरीवाल्याकडे गेलो. “इन्स्पेक्टर पाहिजे? पुढच्या आठवड्यात या, दोन्ही बाहेर गेलेत.” नाटकाला का, म्हणून विचारले तर तो हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता म्हणाला, “आम्ही विचारत नाही.” पुढच्या आठवड्यात जो मिळाला तो एखाद्या धिप्पाड नटाच्या मापाचा, आणि आमचे विक्रीकरवाले किडकिडीत. पाठीवर सेफ्टी पिनांची रांग लावली आणि त्यांना बजावले, काहीही झाले तरी प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही. (खरे तोतयेही हेच पथ्य पाळतात. कॅमेऱ्याच्या चौकटीत छातीवरचा बिल्ला आणि भिंतीवरचे बोधचिन्ह येते. खाली बर्म्युडा असेल तर तो कोणाला दिसतो?)

कोथरूडच्या प्रयोगाला पुढच्या रांगेत एक निवृत्त हवालदार होते. पडदा वर गेला आणि ते जागेवरूनच ओरडले, “पट्टा चुकलाय! खांद्यावर स्टार उलटे! आणि सीबीआयवाले रोज गणवेशात बसतात होय?” प्रेक्षक खूश, साहेब घामाघूम. प्रयोगानंतर दिग्दर्शकाने हवालदारांना गाठून आभार मानले : इतक्या बारकाईने बघणारे असतील तर कोण फसेल? हवालदार म्हणाले, “तुमचं चुकलंय म्हणून कळलं. माझ्या मेहुण्याला फोन आला होता ना, त्याचं सगळं बरोबर होतं.” भिंतीवरचे बोधचिन्ह, टेबलावरचा तिरंगा, मागून येणारा वायरलेसचा खरखराट, काही म्हणता काही चुकले नव्हते. म्हणजे आमच्यापेक्षा खऱ्या तोतयांचा ड्रेपरीवाला चांगला निघाला. त्या दिवशी संहितेतला ‘गणवेश नीट निरखून पाहा’ हा सल्ला लाल शाईने खोडला गेला. त्या जागी आले, ‘गणवेश कितीही खरा असू दे, व्हिडिओ कॉलवर अटक होतच नाही.’ कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची चीज नाही. साधी हजर राहण्याची पोलिसी नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर बजावू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांनाच सुनावले आहे.

इथे पलीकडच्या संघाविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र अपुरे राहील. आमच्या आणि त्यांच्या संघात एक रस्ता आणि वीस वर्षांचा अबोला आहे. आम्ही नाटुकली करतोय म्हटल्यावर त्यांनी ‘सायबर तज्ज्ञ’ बोलावला. साठेक स्लाइड, लेझर पॉइंटर, थाटमाट. विषय : मजबूत पासवर्ड कसा असावा. तज्ज्ञांनी लॅपटॉप उघडला आणि त्यानेच पासवर्ड मागितला. लॅपटॉप मुलीचा होता. त्यांनी तिला फोन लावला. कॉलरला माइक अडकवलेलाच होता. “काय? मोत्याचं नाव आणि पुढे तुझं जन्मसाल? दोन हजार एक ना? बरं.” सभागृहातल्या निम्म्या श्रोत्यांनी तो पासवर्ड वहीत उतरवून घेतला. व्याख्यानातला पहिला मुद्दा समजून.

दोन्ही संघांची खरी चुरस होती ती पाहुणी मिळवण्याची. सायबर पोलीस ठाण्यातल्या एक महिला उपनिरीक्षक छान बोलतात अशी कीर्ती होती. आमच्या सचिवांनी रीतसर पत्र दिले, मॅडमनी होकार कळवायला म्हणून आमच्या अध्यक्षांना स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला. “मी सायबर पोलीस ठाण्यातून बोलतेय,” एवढे वाक्य पुरे झाले. अध्यक्षांनी “बोलत बसा” म्हणून फोन तोडला आणि नंबर ब्लॉक केला. मॅडमनी दुसऱ्या नंबरवरून लावला. या वेळी अध्यक्षांनी संभाषण रेकॉर्ड केले आणि ‘सावधान! असा फोन आल्यास त्वरित कट करा’ अशा मथळ्यासह सगळ्या गटांवर पाठवले. संध्याकाळपर्यंत ते फिरत फिरत मॅडमच्याच ठाण्याच्या गटावर पोहोचले.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या साध्या कपड्यांत आल्या. दारात नोंदवही घेऊन बसलेल्या काकूंनी त्यांना अडवले आणि ओळखपत्र मागितले. मॅडम म्हणाल्या, “कार्ड काय, कोणीही छापतं. ठाण्याला फोन करून विचारा. पण नंबर तुम्ही शोधा, मी सांगितलेला लावू नका.” मग काकूंना नंबर सापडेपर्यंत प्रमुख पाहुण्या पायरीवर बसून राहिल्या. भाषणात त्यांनी अध्यक्षांचे नाव घेऊन कौतुक केले, आमच्याकडून मिळालेली शाल त्यांच्याच खांद्यावर घातली, आणि नंबर कुठून घ्यायचा तेही सांगितले : बँकेचा असेल तर कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून जो पहिला नंबर येतो तो लावणारे तर त्यांच्याकडे रोज रडत येतात. अध्यक्ष ती शाल अजून बैठकीला पांघरून येतात, मे महिन्यातसुद्धा.

मॅडमनी आमची संहिता वाचली आणि पहिला घाव शेवटावर घातला. मूळ शेवटात पोलीस दार ढकलून आत येतात, तोतयाला बेड्या घालतात, टाळ्या. “हे काढा,” त्या म्हणाल्या. “तो तुमच्या शहरात नसतो, बहुतेकदा देशातही नसतो. आणि पैसे तासाभरात दहा खात्यांतून फिरतात. पोलीस दार ढकलणार कोणाचं?” मग खरे काय होते ते त्यांनी चहाच्या कपाशेजारी बोटाने रेघा ओढून दाखवले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार गेली की ती पैसे जिथून गेले आणि जिथे पोहोचले त्या बँकांच्या यंत्रणेत जाते. रक्कम साखळीतल्या ज्या खात्यात अजून शिल्लक असेल तिथे ती रोखली जाते. भाडोत्री खात्यांची ही साखळी मिनिटामिनिटाला लांबत असते, म्हणून शर्यत वेळेशी. फोन करताना व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी हवी. आमच्या मंडळींना मात्र आधी साग्रसंगीत अर्ज लिहायची सवय. एका आजोबांनी दोन दिवस लावून ‘महोदय, सविनय सादर’पासून चार पानी तक्रार सुवाच्य अक्षरात लिहिली होती, जोडपत्रांसह. पैसे पहिल्या पानावरच गेले होते.

हातोड्याचा किस्साही त्याच बैठकीतला. आमच्या संहितेत ऑनलाइन न्यायालयाचा प्रवेश होता आणि दिग्दर्शकाने लाकडी हातोडा बनवून घेतला होता. एक निवृत्त वकील भडकले : “आपल्याकडे न्यायमूर्ती हातोडा आपटत नाहीत. तो सिनेमातून आलाय.” हातोडा रद्द होणार तेवढ्यात मॅडमनी वर्धमान उद्योगसमूहाच्या एस. पी. ओसवाल यांची आठवण करून दिली. ऑगस्ट २०२४, वय ८२, गेलेली रक्कम सात कोटी. त्यांच्यासमोर तर सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी उभी केली गेली होती, तीही खुद्द सरन्यायाधीशांच्या नावाने. न्यायमूर्तींचा चेहरा दिसला नाही, पण आवाज आणि हातोडा ऐकू आला, असे त्यांनीच नंतर माध्यमांना सांगितले. (त्यांचे सव्वापाच कोटी परत मिळाले, कारण तक्रार लवकर झाली आणि खाती गोठवता आली.) तेव्हा हातोडा राहिला. खोटा आहे म्हणूनच राहिला. वकिलांनी मात्र अट घातली की तो आपटताना विंगेतून कोणीतरी खाकरावे. ते काम त्यांनाच दिले.

विक्रीकरवाल्यांना आता नाटकाचा किडा चावला होता. “या माणसाची पार्श्वभूमी काय? तो असा का वागतो?” असे ते विचारू लागले. मॅडमनी सांगितले की नोकरीच्या आमिषाने कंबोडिया, म्यानमार, लाओसमध्ये नेलेली आपलीच तरुण मुलेही हे फोन करायला बसवली जातात. पासपोर्ट काढून घेतलेला असतो, दिवसाचे उद्दिष्ट पुरे झाले नाही तर मार असतो. साहेब गप्प झाले. पुढच्या तालमीत त्यांचा तोतया धमकी देता देता एकदा मागे वळून बघू लागला, मागे कोणी उभे असल्यासारखा. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. गैरसोय एवढीच की मागे वळले की सेफ्टी पिना दिसायच्या.

आता बँकेतल्या बाई. त्यांना संवाद पाठ करावे लागलेच नाहीत. फोनवरच्या साहेबाला “हो सर”, “नाही सर” म्हणताना त्यांचा आवाज जसा बारीक होत जायचा, ते कोणी शिकवलेले नव्हते. दिग्दर्शक म्हणायचा, निरीक्षण दांडगे आहे. रंगीत तालमीत एका वाक्याला त्या अडकल्या : “मुलाला काही कळवू नका, सर.” मी प्रॉम्प्टर, मला वाटले विसरल्या, म्हणून शब्द पुरवला. पुन्हा पुरवला. त्या म्हणाल्या, “आठवतंय मला,” आणि खुर्चीवर बसल्या. मग मेकअपच्या आरशाकडे बघत, आमच्याकडे पाठ करून, त्यांनी सांगितले. केवायसी अद्ययावत करायची म्हणून फोन आला होता, स्क्रीन शेअर करणारे ॲप उतरवून घ्यायला लावले, आणि त्या बघत असताना खाते रिकामे होत गेले. नवऱ्याला सांगितले नव्हते, मुलालाही नाही. “काउंटरच्या पलीकडून मी किती जणींना म्हटलंय, अहो आजी, एवढंही कळत नाही का? आता कोणत्या तोंडाने बँकेत जाणार?” त्यावर काय बोलावे ते कोणाला सुचेना. गणवेशातले विक्रीकरवाले कोपऱ्यात पिना काढत उभे होते. ते खाकरून म्हणाले, “मी गेलो होतो वीजबिलात.” २०२२ मध्ये ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ असे संदेश महावितरणच्या नावाने घरोघर फिरत होते, त्यातल्या एकाने आमच्या तोतया साहेबांनाच गाठले होते. करवसुलीत हयात घालवलेला माणूस, नोटीस दिसली की आधी भरायचे आणि मग भांडायचे, ही त्यांची उभ्या आयुष्याची शिस्त. “थकबाकीदार म्हटलं ना मला त्यानं,” ते म्हणाले. “तिथंच संपलो.”

तेव्हापासून विंग हा आमचा खरा कार्यक्रम झाला. प्रयोग संपला की कोणी ना कोणी पडद्यामागे यायचे. सुरुवात ठरलेली : “आमच्या एका ओळखीच्यांचं असं झालं.” दोन वाक्यांनंतर ओळखीचा गळून पडायचा. कोणाला हयातीच्या दाखल्याच्या मोसमात फोन आलेला. ऐंशी ओलांडलेल्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासून आणि इतरांना नोव्हेंबरात दाखला द्यावा लागतो हे आपल्यापेक्षा फसवणाऱ्यांना जास्त पाठ. फोन बरोबर दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरू होतात, तुमच्या निवृत्तिवेतन आदेशाचा (पीपीओ) क्रमांकसुद्धा कधी कधी त्यांच्याकडे असतो. कोणी अमेरिकेतल्या नातवाच्या आवाजाला भुललेले. एक जोडपे तर वेगवेगळे आले. आधी आजोबा येऊन कुजबुजले की त्यांचे पैसे गेलेत, हिला कळू देऊ नका. ते चहाला गेले आणि आजी आल्या : “माझेही गेलेत, ह्यांना सांगू नका.” दोघांनाही एकाच टोळीने धरले होते की काय, कोण जाणे. बँकेतल्या बाईंनी दोघांना समोरासमोर बसवले आणि बाहेर येऊन दार लावून घेतले. आतून बराच वेळ आवाज आला नाही, आणि मग आला तो भांडणाचा. बाई म्हणाल्या, “चला, सुटले.”

नियम सांगायचे कामही बाईंनी आपणहून अंगावर घेतले. रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक त्यांना तोंडपाठ होते : आपण काही दिलेले नसताना तिसऱ्याच कोणाच्या उपद्व्यापाने पैसे गेले आणि बँकेला तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर तोटा ग्राहकाचा नाही, चार ते सात कामाच्या दिवसांत कळवले तर मर्यादित. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा भार आपल्यावर, पण कळवल्यानंतरचा नाही. “म्हणून रडायचं ते फोन केल्यावर,” असे त्या सांगत. एका आजींनी विचारले, “आणि लाज वाटत असली तर?” बाईंनी परिपत्रक चाळल्यासारखे केले. “त्याला मुदतवाढ नाही.”

जुन्नर तालुक्यातल्या एका गावात चावडीसमोर प्रयोग होता. ओटीपी, लिंक, व्हिडिओ कॉल अशा आमच्या मुद्द्यांना लोक सौजन्याने हसले. मग एक म्हातारी म्हणाली, “आमचं समदं अंगठ्यावर. त्याचं काय ते सांगा.” बँकमित्राकडे श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला गेले की तो म्हणायचा, “लागला नाही, परत लावा.” पहिला अंगठा लागलेला असायचा. दोनदा अंगठा, एकदा पैसे. विनोद असा की कष्टाने झिजलेला हा अंगठा यंत्राला खरोखरच कळत नाही, त्यामुळे म्हातारीला खोटे वाटायचे कारणच नव्हते. उलट टोळ्यांनी आंध्र आणि कर्नाटकातल्या जमीन-नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे केले, ते मात्र यंत्राने बिनतक्रार स्वीकारले होते. बाईंनी उपाय सांगितला : प्रत्येक अंगठ्यामागे पावती मागायची, आणि एरवी आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवायचे, पैसे काढायच्या वेळी तेवढे उघडायचे. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल लागतो. “आजी, तुमच्या आधारला नंबर कोणाचा जोडलाय?” म्हातारीने गर्दीत नजर फिरवली आणि मागे उभ्या असलेल्या एका तरुणाकडे बोट केले. तो बँकमित्र होता.

शहरातल्यांनीही फार हसायचे कारण नाही. एका संघाने आमच्या प्रयोगासाठी प्रवेशिका काढल्या होत्या आणि प्रवेशिकेसाठी आधारची झेरॉक्स मागितली होती. विषय : ओळखचोरीपासून संरक्षण. एकाही सभासदाने ‘कशाला?’ असे विचारले नाही. काहींनी पॅनची प्रतही वरून जोडली, असू दे म्हणून. गठ्ठा सभागृहाच्या कपाटावर उघडा पडला होता. आम्ही सचिवांना सांगितले की पुढच्या वेळी निदान शेवटचे चार आकडेच दिसणारे मास्क केलेले आधार मागा. त्यांनी मनापासून मान्य केले आणि गठ्ठा नष्ट करायचे आश्वासन दिले. मध्यंतरात भेळ आली. भेळ कशात बांधली होती ते प्रत्येकाने आपापल्या हातातल्या कागदाकडे बघून ओळखले.

त्याच संघात दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळाचे प्रात्यक्षिक होते. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत ते तिथे दिसते. एका आजींच्या नावावर चार निघाली. आजींकडे एकच जुना फोन. सभागृहात खळबळ, तिघे जण १९३० लावायला धावले. आजींनी चष्मा लावून नंबर वाचले. एक नातवाचा, त्याच्या आईला माहीत नसलेला. एक त्यांच्या जुन्या ड्रायव्हरचा. तिसरा त्यांनी मोठ्याने वाचला, आणि दुसऱ्या रांगेतल्या त्यांच्या यजमानांच्या खिशात फोन वाजला; कोणीतरी आगाऊपणे लावून बघितला होता. घरी त्या दुसऱ्या नंबरची कोणालाच कल्पना नव्हती. प्रात्यक्षिक तिथेच आटोपते घेतले.

रंगमंचावर मुलाला फोन लावायचा एक प्रसंग आहे. दिग्दर्शक वास्तववादी, त्याने खरा फोन स्पीकरवर लावायला सांगितला. ते दिवस अमिताभच्या आवाजातल्या सायबर सावधगिरीच्या कॉलर ट्यूनचे. नायिका संकटात, तोतया दुसऱ्या फोनवर गुरगुरतोय, आणि बच्चनसाहेब अत्यंत निवांतपणे सगळ्या सूचना देतायत. दोन्ही पात्रे हात बांधून उभी. संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट, आणि नंतर एकाने विचारलेच, “त्यांचा आवाज मिळवलात कसा? केवढ्याला पडला?” जून २०२५ मध्ये ती ट्यून बंद झाली तेव्हा सगळ्या शहराने सुटकेचा श्वास टाकला. आमच्या नाटकातले एक पात्र मात्र गेले.

लग्नपत्रिकेचे तर सांगूच नये. पत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल पाठवतात, उघडली की ॲप बसते आणि संदेशांतले ओटीपी परस्पर पळवते, हे आम्ही इतके बिंबवले की आमच्याच खजिनदारांच्या मुलीच्या लग्नाची साधी पीडीएफ पत्रिका एकाही सभासदाने उघडली नाही. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी खजिनदार रिक्षा करून घरोघर अक्षता देत फिरले.

राहिला शेवट. पोलीस येऊन बेड्या घालणार नाहीत हे ठरल्यावर नायिकेला सोडवणार कोण, हा प्रश्न होता. उत्तर बातम्यांतच होते. दक्षिण मुंबईत ८६ वर्षांच्या एका बाईंना डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ असे दोन महिन्यांहून अधिक काळ डिजिटल अरेस्टच्या विळख्यात ठेवून वीस कोटींवर रक्कम उकळली गेली. बाई खोलीतून फक्त जेवायला बाहेर येतात, कोणावर तरी ओरडतात, हे लक्षात आले घरकाम करणाऱ्या बाईच्या, आणि तिने ते मुलीच्या कानावर घातले. आमच्या संहितेत कामवाल्या मावशीला दोन वाक्ये होती, त्यातले एक ‘चहा ठेवू का?’. तोवर ती भूमिका करायला कोणी तयार नव्हते. नव्या संहितेत मावशीच सुटका करणार म्हटल्यावर चार उमेदवार उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीने तर पदर खोचायची आपली पद्धत अधिक अस्सल आहे असे कार्यकारिणीला लेखी कळवले.

ज्यांना भूमिका मिळाली त्यांचा गुडघा हडपसरच्या प्रयोगाच्या सकाळी सुजला. बदली कोणी नाही. बँकेतल्या बाईंबरोबर त्यांच्या घरच्या मावशी चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या. विंगेत बसून त्यांनी सगळे प्रयोग बघितलेले. त्या म्हणाल्या, “मी जाऊ का?” पदर खोचलेलाच होता.

संहितेप्रमाणे मावशीने दारात थबकायचे, संशयाने बघायचे आणि मुलाला फोन करायला आत जायचे. मावशी थबकल्या नाहीत. सरळ टेबलाशी गेल्या, बाईंच्या हातातून फोन काढून घेतला आणि पडद्यावरच्या साहेबाला म्हणाल्या, “साहेब, बाईंची आंघोळ राहिलीय. अटक नंतर करा.” फोन पालथा ठेवला आणि टेबल पुसायला लागल्या. पलीकडच्या चौकटीत विक्रीकरवाले संवादच विसरले. मी प्रॉम्प्ट करतोय, त्यांना ऐकू येत नाही. शेवटी ते म्हणाले, “बरं, जरा लवकर आटपा.” सभागृह कोसळले. मॅडम शेवटच्या रांगेत होत्या; त्या म्हणाल्या की एवढेच जमायला हवे, कॉल तोडून दोन मिनिटे मिळाली की माणूस भानावर येतो, म्हणून तर ते कॉल तोडू देत नाहीत.

तो प्रवेश आता तसाच ठेवला आहे. वाक्य मूळ कोणाचे यावर लेखक आणि दिग्दर्शक यांच्यात मतभेद आहेत. दोघांच्याही मते ते संहितेत सुप्तपणे होते. पत्रिकेत मावशींचे नाव सर्वांत वर टाकायचे की ‘साहाय्य’ या सदरात, यावर बैठक झाली, ती अध्यक्षांच्या शालीवरून विषय भरकटल्यामुळे तहकूब आहे. मावशींनी एवढाच निरोप पाठवला आहे की पुढचा प्रयोग रविवारी नको, रविवारी त्यांना चार घरे जास्तीची असतात.